गच्चीसाठी लाकडी पेटी: आधी वजन, मग पाणी, मग लाकूड

कोथरूडमधील चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेला लागून असलेल्या १० फूट बाय ८ फुटांच्या गच्चीवर स्वतःच्या हाताने लाकडी पेटी बनवून तिच्यात भाजी लावायची आहे, असे आपण लिहिले आहे आणि चार प्रश्न विचारले आहेत: लाकूड कोणते घ्यावे, पेटी किती मोठी असावी, तळाशी विटांचे तुकडे घालावेत का, आणि खालच्या मजल्यावर ओल उतरणार नाही ना. उत्तरे देताना प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलणार आहे. गेली अठरा-वीस वर्षे मी पुण्यात गच्च्यांसाठी अशा पेट्या बनवतो आहे, आणि माझ्या पाहण्यात ज्या पेट्या फसल्या त्यांपैकी केवळ लाकूड वाईट निघाले म्हणून फसलेल्या फारच थोड्या. बाकीच्यांत कुठे वजनाचा हिशेब केलेला नव्हता, तर कुठे पाण्याला वाट ठेवलेली नव्हती. म्हणून लाकडाच्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन.

पहिल्या पेटीसाठी ४ फूट लांब, १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच हे माप मी सुचवीन. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पेटीच्या पलीकडच्या कडेपर्यंत हात सहज पोहोचतो, आणि तळाची जाडी व वरची इंचभर मोकळी जागा वजा जाता माती-खताच्या मिश्रणासाठी १२ इंच खोली उरते, जी मिरची, वांगी, टोमॅटो यांना पुरते. मेथी, पालक आणि कोथिंबीर तर याच्या निम्म्या खोलीतही होतात. अशा पेटीत ११५ ते १२० लिटर मिश्रण बसते. आता हिशेब पाहा. शेतातली किंवा बांधकामाच्या खोदाईतली माती पूर्ण भिजली की लिटरला सुमारे १.८ किलो भरते, म्हणजे नुसत्या मातीने भरलेली पेटी ३० किलो लाकडासकट २४० किलोंच्या घरात जाते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि थोडी माती असे हलके मिश्रण भिजल्यावर लिटरला साधारण एक किलो भरते आणि तीच पेटी १५० किलोंवर थांबते. एका पेटीमागे ९० किलोंचा फरक केवळ मिश्रणामुळे पडतो.

इमारतींवरील भारांसाठी जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलो, आणि वावर असलेल्या सपाट छतासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे १५० किलो, इतका चल भार, म्हणजे माणसे आणि हलवता येणारे सामान यांचा भार, धरलेला आहे. आपली गच्ची खालच्या घराचे छत असल्यामुळे दुसरा, कमी असलेला आकडा धरून चालावे. ८० चौरस फूट म्हणजे जवळपास ७.४ चौरस मीटर. तेव्हा संपूर्ण गच्चीवर मिळून ११०० किलो. नुसत्या मातीने भरलेल्या तीन पेट्यांचे ७२० किलो होतात, आणि उरलेल्या ३८० किलोंत कोजागरीला जमलेली मंडळी, त्यांच्या खुर्च्या आणि मधोमध ठेवलेले दुधाचे पातेले एवढे सगळे बसवावे लागते. हलक्या मिश्रणाच्या तीन पेट्या ४५० किलोंच्या होतात. शिवाय हा आकडा सगळीकडे पसरलेल्या भारासाठी आहे, एका ठिकाणी एकवटलेल्या भारासाठी नाही. म्हणून पेट्या एकमेकींना खेटून गच्चीच्या मध्यभागी मांडू नयेत, तर जिथे खाली भिंत किंवा बीम आहे त्या कडांना, अंतर राखून ठेवाव्यात. आधाराशिवाय पुढे आलेल्या बाल्कनीच्या मोकळ्या टोकाला किंवा कठड्याबाहेर लटकणाऱ्या चौकटीत मी १२० लिटरची पेटी कोणालाही कधी बसवून दिलेली नाही. स्लॅबचे प्लास्टर खालून फुगलेले असेल किंवा गंजलेल्या सळया उघड्या पडल्या असतील, तर पेटीचा विचार बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

आता पाणी. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडीचा थर घातला की निचरा चांगला होतो, हा समज इतका रुजलेला आहे की त्याच्या विरुद्ध बोलले की ज्येष्ठ मंडळी नाराज होतात. पण प्रत्यक्षात त्याचा परिणाम उलटा होतो. बारीक कणांच्या मिश्रणात धरून ठेवलेले पाणी खालच्या भरड थरात आपण होऊन उतरत नाही. वरचे मिश्रण तळापाशी पूर्ण संपृक्त झाले की मगच ते खाली टपकू लागते, आणि त्यामुळे तळाशी जी कायम ओली राहणारी पट्टी असते ती खडीच्या थरामुळे नाहीशी होण्याऐवजी वर, मुळांच्या अधिक जवळ सरकते. याची परीक्षा स्वयंपाकघरात करता येते. भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा आणि ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग न पिळता तोच स्पंज अरुंद बाजूवर उभा करावा. लगेच आणखी पाणी गळू लागते, कारण उंची वाढली की तळावर पाण्याचा दाब वाढतो आणि ओली राहणारी पट्टी तेवढीच राहून वरचा भाग मोकळा होतो. पेटीत दोन-तीन इंच खडी घालणे म्हणजे हा स्पंज पुन्हा आडवा करणे, आणि वर त्या खडीचे वजन स्लॅबला द्यायचे. भोकावर एक खापरी ठेवायला हरकत नाही, ती माती वाहून जाऊ नये म्हणून असते. थर मात्र घालू नये.

पाणी बाहेर पडण्याची खरी सोय तळातच करावी लागते. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. ज्या दिवशी ५० मिलिमीटर पडतो त्या दिवशी आपल्या पेटीच्या उघड्या तोंडातून २० लिटरच्या आसपास पाणी आत शिरते. चार कोपऱ्यांत चार भोके पाडलेला बंद तळ हे पाणी वेळेत सोडत नाही, विशेषतः त्यातली दोन भोके मुळांनी बुजल्यावर. म्हणून तळ फळीचा न करता तीन इंची पट्ट्यांचा करावा आणि दोन पट्ट्यांत दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची फट सोडावी. त्यावर जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरले की पाणी जाते आणि मिश्रण राहते. ते न मिळाल्यास शेडनेटच्या हिरव्या जाळीची दुहेरी घडी चालते. जुनी सुती साडी अंथरू नये, ती एका पावसाळ्यात कुजते आणि दुसऱ्या पावसाळ्यात पेटीखाली चिखलाची रांगोळी दिसू लागते. (नायलॉनची साडी टिकते, पण ती कोणाची, हे आधी विचारून घ्यावे.)

चारही बाजूंना आतून अस्तर लावावे, कारण ओले मिश्रण लाकडाला सतत चिकटून राहिले तर कोणतेही लाकूड निम्म्या काळात जाते. यासाठी शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद उत्तम. शेती साहित्याच्या दुकानांत त्याचे तुकडे मिळतात. मार्केट यार्डाच्या बाजूला चौकशी करावी. हा कागद कोणत्याही साध्या गोंदाने चिकटत नाही, तेव्हा तो वरच्या काठाखाली, मिश्रणाच्या पातळीच्या वर, स्टेपलने टाचावा आणि खाली दोन इंच तळावर वळवून सोडून द्यावा. पिना खाली मारल्या की प्रत्येक पिनेतून पाणी मागे झिरपते आणि लाकूड व कागद यांच्या मध्ये कोंडून राहते. तळावर हा कागद अंथरून त्याला भोके पाडू नयेत. वजनाने तो पट्ट्यांमधल्या फटींत खोलगट होतो, भोके नेमकी उंचवट्यावर राहतात आणि डबकी साचतात.

खालच्या मजल्यावर ओल उतरण्याची भीती रास्त आहे; पण चांगल्या स्थितीतल्या गच्चीवर पायांवर उभी असलेली पेटी ओल आणत नाही. आधीपासून असलेली चीर ती उघडी पाडते, कारण जी जागा पूर्वी दिवसभरात वाळायची ती आता वाळत नाही. यासाठी पेटी बनवण्याआधी खालच्या शेजाऱ्यांना सांगून एक चाचणी करावी: पावसाच्या पाइपाचे तोंड कापडाचा बोळा घालून बंद करावे, गच्चीत इंच-दीड इंच पाणी २४ तास साठवावे आणि त्यांच्या छताकडे लक्ष ठेवावे. डाग उमटला तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्यावे. जमीन आणि भिंत यांच्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, गवंडी जिला वाटा म्हणतात, ती हाताने चाचपून पाहावी, कारण बहुतेक वेळा पाणी तिथूनच शिरते. पेटीचे पाय किमान दोन इंच उंच ठेवावेत, म्हणजे खालून झाडू फिरतो, वारा जातो आणि ओल कुठून येते ते वाकून पाहता येते. गच्चीचा उतार ज्या दिशेने आहे त्या दिशेला पेटी आडवी घालू नये, आणि पावसाच्या पाइपाच्या तोंडापासून ती दोन फूट तरी दूर असावी. कोकोपीटचे तांबूस पाणी पहिले काही आठवडे येत राहते आणि फिक्या फरशीवर त्याचे डाग पडतात. तेवढा काळ खाली ट्रे ठेवावा, नंतर तो काढून टाकावा, नाहीतर पावसाळ्यात त्यात डास होतात.

आता लाकूड. सागवान सगळ्यांत टिकाऊ, यात वाद नाही. पण टिकतो तो सागाचा सोनेरी-तपकिरी गाभा. सालीलगतचा पांढरट भाग कोणत्याही सामान्य लाकडासारखा कुजतो आणि किडीला आवडतो, आणि स्वस्तात दिलेल्या सागात तोच अधिक असतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फळी निवडताना तिचे दोन्ही चेहरे आणि दोन्ही कडा पाहाव्यात. एका कडेने पांढरट पट्टा धावत असेल तर ती फळी पेटीच्या वरच्या ओळीला वापरावी, खालच्या ओळीला नाही. जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांतले वासे आणि तुळया चिरून विकतात, ते सागवान अनेकदा नव्यापेक्षा सरस असते, कारण दशकानुदशके वाळल्यामुळे ते आता फारसे वाकत नाही. त्यात मात्र दोन धोके असतात. एक म्हणजे आत मोडून राहिलेले खिळे, जे करवतीचे दात आणि प्रसंगी डोळे घेतात. चांगले लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून इंच-इंच फिरवावे आणि जिथे ते ओढ घेते तिथे खडूने खूण करावी. दुसरा धोका जुन्या तैलरंगाचा. त्यात शिसे असू शकते, म्हणून रंग दिलेले लाकूड भाजीच्या पेटीला घेऊ नये, आणि ते घरात घासून तर मुळीच काढू नये.

बजेट कमी असेल तर पाइन घ्यावे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्रांसोबत येणाऱ्या पॅलेटचे पाइन भंगारवाल्यांकडे मिळते. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अशी इंग्रजी अक्षरे असतील तर ते लाकूड केवळ उष्णतेने, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून, निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते आणि ते घेऊ नये. शिक्का नसलेल्या, तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेल्या पॅलेटलाही हात लावू नये. अस्तर नीट लावले तर पाइनची पेटी चार-पाच वर्षे जाते, सागाची त्याच्या दुप्पट-तिप्पट. मरीन प्लायविषयी नेहमी विचारतात: त्याचे पृष्ठ पाण्यात टिकते, पण कापलेली कड उघडी राहिली की तिथून पदर सुटू लागतात, आणि पेटीला कडा फार असतात.

वर दिलेल्या मापासाठी सव्वादोन घनफूट लाकूड आणावे, म्हणजे नासधूस धरून पुरते. दुकानातच मशीनवर रंधा मारून घ्यावा. एक इंची फळी त्यानंतर सात सूत जाडीची राहते आणि पुढची मापे त्याच जाडीवर बेतलेली आहेत. लांब बाजूंसाठी ४८ इंच लांब व ५ इंच रुंद अशा सहा फळ्या, आखूड बाजूंसाठी सव्वातेरा इंच लांबीच्या तशाच सहा, कोपऱ्यांसाठी दोन बाय दोन इंचांचे आणि १७ इंच उंचीचे चार खांब, तळासाठी सव्वातेरा इंची चौदा पट्ट्या, त्या पट्ट्या टेकवायला दीड इंच रुंदीचे दोन लांब रीप (लाकडाच्या अरुंद दांड्या), बाहेरून मध्यावर लावायचे दोन उभे रीप, आणि वरच्या काठासाठी तीन इंची पट्टी. हत्यारांत टेप, गुण्या, करवत, पटाशी, ड्रिल, रंधा आणि दोन शिकंजे (क्लॅम्प) पुरेत.

जोडणीत आधी लांब बाजू तयार करावी. दोन खांब जमिनीवर समांतर ठेवून त्यांवर तीन फळ्या बसवाव्यात, अशा की खांब खालून दोन इंच बाहेर राहतील. हेच पेटीचे पाय. फळ्यांमध्ये फट सोडायला विसरू नये. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत जोडलेली पाच-सहा इंची फळी जुलैत दोन-तीन मिलिमीटर फुगते, आणि तिला जागा मिळाली नाही तर ती स्क्रू उपटते किंवा मधोमध फुगवटा धरते. फट मोजायला मी रुपयाची दोन नाणी एकावर एक चिकटवून ठेवली आहेत आणि तीच दोन फळ्यांमध्ये अडकवून पुढची फळी बसवतो. पावसाळ्यात काम करत असाल तर एकच नाणे पुरे, कारण लाकूड आधीच फुगलेले असते. आतून अस्तर असल्यामुळे या फटींतून माती येत नाही. दोन्ही लांब बाजू झाल्या की आखूड फळ्या त्यांच्यामध्ये बसवून त्याच खांबांना जोडाव्यात, आणि प्रत्येक फळीनंतर गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे ना ते पाहावे. शेवटी दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे आले की चौकट बरोबर.

मधल्या उभ्या रीपाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण हौशी पेट्यांमध्ये तो हमखास गाळलेला असतो. भिजलेले मिश्रण बाजूंना बाहेर ढकलते, आणि चार फूट लांबीची फळी फक्त दोन टोकांना धरलेली असेल तर एका पावसाळ्यात तिचे पोट सुटते. हा रीप आतून लावला तर मिश्रण फळीला त्याच्यापासून दूर ढकलते आणि सगळा ताण स्क्रूच्या आट्यांवर येतो. बाहेरून लावला तर तोच दाब फळीला रीपावर टेकवतो आणि स्क्रूला फक्त जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम उरते. म्हणून रीप बाहेरून आणि त्याचे स्क्रू आतून. त्याचे वरचे टोक काठाच्या पट्टीला आणि खालचे टोक तळाच्या रीपाला बांधले की बाजू हलत नाही. तळाचे रीप लांब बाजूंच्या आत, खालच्या कडेशी समपातळीत, खांबांच्या मध्ये लावावेत, त्यांवर पट्ट्या आडव्या टाकाव्यात, आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्यांना खांबांसाठी दोन इंच बाय दोन इंचांची खाच पटाशीने काढावी.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, ३०४ दर्जाचे, ८ नंबरचे, फळ्यांसाठी दोन इंची आणि मधल्या रीपासाठी दीड इंची घ्यावेत. दोन इंची स्क्रू रीपाच्या आरपार जाऊन बाहेर टोक काढतो. इथे काटकसर करून मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. सुरुवातीच्या काळात मित्राच्या गच्चीवर बनवलेली एक पेटी मी फॉल्स सीलिंगसाठी वापरतात त्या काळ्या स्क्रूंनी जोडली होती. दुसरा पावसाळा सरल्यावर ती सरकवायला म्हणून काठ धरून उचलला, तर काठाची संपूर्ण पट्टी माझ्या हातात आली आणि स्क्रूंची डोकी तिळासारखी फरशीवर सांडली. दांडे आत गंजून लाकडाला काळे ओघळ सोडत होते. सागातले टॅनिन आणि ओल मिळून साध्या लोखंडाची अशीच गत करतात. प्रत्येक स्क्रूआधी ३ मिलिमीटरच्या बिटने भोक पाडून घ्यावे, विशेषतः फळीच्या टोकाजवळ, नाहीतर सागही चिरतो, आणि स्टेनलेसचा स्क्रू जोर लावला तर मोडतो. बिटला आणि स्क्रूला थोडे मेण किंवा साबण लावल्याने काम हलके होते.

लेपनासाठी वार्निशचा जाड थर मी टाळतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात तो सांध्यांवर तडकतो, जूनमध्ये त्या तड्यातून पाणी आत शिरते आणि थराखाली कोंडून लाकूड काळे करते. दुरुस्तीला सगळा थर घासून काढावा लागतो. त्यापेक्षा रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड जवसाचे तेल बरे. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून, दुसरा तसाच, दोन्हींत दोन दिवसांचे अंतर ठेवून द्यावा आणि दर वर्षी मे महिन्यात एक हात पुन्हा फिरवावा. खाण्याचे घाण्याचे जवस तेल वापरू नये, ते आठवडेच्या आठवडे चिकट राहते. एक सूचना गंभीरपणे घ्यावी: तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गुंडाळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात, मगच टाकाव्यात. वाळवीवर उपाय म्हणून गावाकडे लाकडाला गाडीचे जळके ऑइल फासतात, ते खाण्याच्या भाजीच्या पेटीला चालणार नाही. पाय जमिनीपासून सुटे, त्यांच्या तळव्यांना तेलाचे दोन-तीन हात जास्त आणि खाली खुर्चीच्या पायांना घालतात ती रबरी बुटे एवढे केले, तर वाळवीला चढायला वाट कमी राहते आणि येताना ती दिसते.

मिश्रण भरण्याआधी पेटी तिच्या कायमच्या जागी ठेवून लेव्हल पाहावी, कारण नंतर ती दोघांनाही हलत नाही. मापासाठी एकच घमेले धरून एक भाग तांबडी किंवा पोयट्याची माती, दोन भाग कोकोपीट, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचे तयार खत, आणि अर्धा भाग भाताचे तूस घ्यावे; मावळ-मुळशीकडच्या भातगिरण्यांत तूस पोत्याने मिळते. वर दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. पुण्याच्या परिसरातली काळी माती मोहात पाडते, पण पेटीसाठी ती गैरसोयीची आहे: भिजली की फुगते आणि हवा कोंडते, वाळली की भेगाळून बाजूंपासून सुटते आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. कोकोपीटची पाच किलोंची वीट भिजून ६०-७० लिटर होते, म्हणजे या पेटीला एक पुरते. ती बादलीत भिजवून, पिळून, पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढून घ्यावी, कारण तिच्यात क्षार राहिलेले असू शकतात आणि त्यांनी कोवळी रोपे करपतात. पेटी काठोकाठ भरावी. महिन्याभरात मिश्रण थोडे खाली बसते आणि मग आपल्याला हवी ती मोकळी जागा आपोआप मिळते.

भरल्यावर लगेच बी टाकू नये. झारीने सावकाश पाणी घालत राहावे आणि खालून पहिला थेंब कधी पडतो ते पाहावे. कोरडे कोकोपीट सुरुवातीला पाणी झिडकारते, त्यामुळे पाच लिटरमध्येच खालून धार लागली तर मिश्रण भिजलेले नाही, पाणी कडेने निसटते आहे, असे समजून तासाभराने पुन्हा घालावे. दुसऱ्या दिवशी मधोमध बोट दोन पेरे खुपसून पाहिल्यावर तिथे ओलसर गारवा लागला, पण मूठ दाबल्यावर पाणी गळले नाही, की धणे रगडून पेरायला हरकत नाही.